दोन जावा आणि एक शीतखोली

“मॅडम, टेप लावा अन् सांगा. खोली माह्या दारापाशीच लागन. मी थोरली हाये!” शांताबाई म्हणाल्या.

“थोरल्या हाये तं सकाळी चालत जा थोडं,” धाकटी जाऊ वनमाला म्हणाली. “तब्येतीले बरं.”

मुलांनो, निवृत्तीच्या थोडं आधी मी बार्शीटाकळीजवळच्या एका मळ्यात सर्व्हेअर म्हणून गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. या दोघींना मिळून एक शीतखोली मंजूर झाली होती. शीतखोली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा मोठा फ्रिज. दोघींच्या मळ्यांत झेंडू आणि मेथी. आपल्याकडच्या उन्हात सकाळी तोडलेला झेंडू दुपारी मान टाकतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. खोलीमुळे तो टिकणार होता. अट एकच होती. जागा दोघींना मान्य हवी.

तेवढ्यात माझ्या बॉसचा फोन आला. “मॅडम, ट्रक उद्या निघतोय. आज जागा ठरली नाही, तर खोली दुसऱ्या गावाला देतो.”

दोघींचे नवरे लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते. मी त्यांचं मत विचारलं. त्यांनी आणखी जोरात मळायला सुरुवात केली.

मग मी कागद काढला. दोघींच्या सामाईक विहिरीला शून्य धरलं, म्हणजे तुमच्या वहीतलं origin. पूर्वेकडचे मीटर x, उत्तरेकडचे y. शांताबाईंचं दार (२०, ३०) वर आलं, वनमालाचं (१००, ९०) वर. दोन्ही x मध्ये फरक ८०, दोन्ही y मध्ये ६०. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू, म्हणून कर्ण १००. दारापासून दारापर्यंत सरळ शंभर मीटर. मध्यबिंदू तर त्याहून सोपा. दोन्ही x ची बेरीज करून निम्मी, y चंही तसंच. (६०, ६०). दोघींना पन्नास-पन्नास मीटर.

खुंटी घेऊन आम्ही तिथे गेलो. (६०, ६०) बरोबर नाल्यात होता.

“पावसाळ्यात झेंडू मासोळ्या राखतीन का मॅडम?” वनमाला म्हणाली. शांताबाईही हसल्या. त्या दिवशी दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होत्या, आणि ती बाजू माझ्या विरुद्ध होती.

मी पुन्हा कागदाकडे वळले. मध्यबिंदू एकच असतो, पण सारख्या अंतराच्या जागा पुष्कळ असतात. दोन दारांना जोडणाऱ्या रेषेला मध्यबिंदूतून काटकोनात दुसरी रेष काढा. तिच्यावर कुठेही उभे राहा, दोन्ही दारं सारखीच लांब. त्या रेषेवरून मी रस्त्याच्या दिशेने पंधरा मीटर सरकले आणि (६९, ४८) ला पोचले. तिथे कोरडी, उंच जागा होती. शांताबाईंकडून फरक ४९ आणि १८, वनमालाकडून ३१ आणि ४२. वर्ग करून बेरीज केली, तर दोन्हीकडे २७२५. म्हणजे बावन्न मीटर आणि वर थोडंसं.

“पयले तं पन्नास होते! मले दोन मीटर जास्त कावून?” शांताबाईंनी विचारलं.

“तिलाही दोन मीटर जास्तच आहेत.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंग चालते,” शांताबाई म्हणाल्या. वनमालाने स्वतः खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला, खोली उतरली, आणि दोघी पुन्हा भांडायला उभ्या राहिल्या. दार कोणाच्या घराकडे? हे माझ्या गणितात नव्हतं. बिंदूला दार नसतं.

मी दार रस्त्याकडे करायला सांगितलं. दोन्ही घरांकडे पाठ. आता रोज टोपल्या घेऊन दोघींना खोलीला वळसा घालून आत शिरावं लागतं, आणि दोघींचीही काही तक्रार नाही.

सर्व्हेअरच्या नोकरीत मी एवढं शिकले, की लोकांना जवळची जागा हवी असते हा आपला समज आहे. शेजारणीला ती आपल्याहून जवळ पडू नये, एवढंच त्यांना पुरतं.