झाकलेला निकाल

बाबाच्या पोटातला आजार बाबाला सांगायचा नाही, असं घरात ठरलं तेव्हा मी पुण्यात होते. गावी, जऊळक्याला आले तर सगळे मूग गिळून बसलेले. "पोटात साधी जखम हाय, असं सांगतलं त्याईले," माय म्हणाली. "तू तोंड सांभाळ." मी फटकळ, हे तिला पक्कं ठाऊक.

मला चीड आली. जन्मभर रेल्वेत गँगमन म्हणून राबलेला माणूस, आणि त्याच्याच पोटातलं त्याला माहीत नाही. पण बोलले नाही. भ्याले.

बाबाला मात्र माझं काम पाठ होतं. हिग्ज नावाचा कण जन्मतो आणि लगेच मोडतो. कधी तो आजवर कुणालाच न दिसलेल्या कणांत मोडत असेल का, हे आमचा गट परदेशातल्या मोठ्या यंत्रातल्या कणांच्या टकरींच्या नोंदींत शोधत होता. ज्या भागात उत्तर असायची शक्यता, तोच आम्ही झाकून ठेवतो. शोधायची पद्धत पक्की झाली की मगच उघडायचा. "काहून?" त्यानं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मनी वसे ते स्वप्नी दिसे; आधी पाहिलं की आपल्याला हवं तेच दिसतं. हे त्याला फार पटलं होतं.

तो भाग उघडला त्या दुपारी मी घरीच होते. लॅपटॉपवर आलेख आला. जुना सिद्धांत सांगतो तेवढंच, नवं काही नाही. काही न सापडणं हेही उत्तरच असतं, असं मीच विद्यार्थ्यांना ऐकवते. त्या दुपारी मला कुणी ते ऐकवलं असतं तर मी त्याला चावले असते.

बाबा खाटेवर टेकून बसला होता. गालफडं पार बसलेली.

"उघडलं का?"

"उघडलं."

"सापडलं?"

माय दारातून मला हो म्हणायची खूण करत होती.

"नाही बाबा. काहीच नाही."

मग त्यानं मायला पाणी आणायला पाठवलं आणि माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. "आता माहं सांग. मले या घरात दुसरं कोनी खरं सांगनार नाही."

"कॅन्सर आहे. पसरलाय."

त्यानं मान हलवली. माय पाणी घेऊन आली तेव्हा मी रडत होते.

"कायले रडून राह्यली हे?"

"तिचा कण नाही सापडला ना," बाबा म्हणाला.