जिनच्या वाटेवरचं दुकान

"साब, ह्ये दुकान तुमीच बसिवलं न्हवं इथं?" दुकानाशेजारच्या वस्तीतल्या गंगूबाईनं विचारलं.

तिच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं आणि त्यातून रक्त पाझरत होतं. नवरा भिवा आणि भाऊ लक्ष्मण दारू पिऊन भांडले. ती मधे पडली, काठी तिला लागली. दुकान मीच बसवलं होतं.

निजाम सरकारच्या आबकारी खात्यात, म्हणजे दारू-शिंदीवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात, मी सब-इन्स्पेक्टर होतो. नेमणूक जालन्याला. हर्राजात, म्हणजे सरकारी लिलावात, ज्याला दारू विकायचा हक्क मिळे तो गुत्तेदार. त्यानं जागा सुचवायची, मी पाहणी करून शिफारस करायची. ही जागा मी भर दुपारी पाहून पसंत केली, कारण देऊळ, मशीद, शाळा सगळं लांब होतं. कागदावर सगळं बराबर होतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "महिना झाला, डोकी शिवून राह्यलो. सगळी एकाच वस्तीतली. तुमच्या दुकानाशेजारची."

मी तीन दिवस संध्याकाळी दुकानासमोरच्या लिंबाखाली उभा राहिलो. कापसाच्या जिनचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा वाजला की मजूर बाहेर पडत. वस्तीकडे जायला वाट एकच, आणि ती दुकानावरून. काही जण मान खाली घालून पुढं जात. मग आतून कुणीतरी हाक मारी आणि ते मागं फिरत. पूर्वीही ही माणसं प्यायची, पण त्यासाठी पार गावात जावं लागे. निम्मे लोक दमून सरळ घरीच जात. आता दमलेला माणूसच आधी आत शिरत होता. बाहेर आला की समोर विहीर, पाण्याच्या बारीवरून वाद, आणि बघायला सगळी वस्ती. चारचौघांत माघार कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी भिवा आणि लक्ष्मणची पुन्हा जुंपली. भिवानं उभ्या बैलगाडीची शिवळ उपसली. जुवातली ती लाकडी खुंटी, एका घावात माणूस जाईल. मी धावलो.

"भिवा, टाक ती!"

"तुमीच पाजून राह्यले अन् तुमीच आडवून राह्यले?"

हात वरच होता. मी त्याचं मनगट धरलं. लक्ष्मणला लोकांनी मागं ओढलं, तेव्हा कुठं भिवानं खुंटी टाकली आणि खाली बसून रडायला लागला.

दुकान हलवायचं मी मनावर घेतलंय, हे गुत्तेदाराच्या कानावर गेलं. तो घरी येऊन शांतपणे म्हणाला, "साहेब, दुकान हललं तर तुमची बी खुर्ची हलंल."

तरी मी दुकान हलवायचा अर्ज घेऊन औरंगाबादला गेलो. मोहतमीमसाहेब, म्हणजे आमच्या खात्याचे जिल्ह्याचे अंमलदार, कागद बघत म्हणाले, "जागा पसंत कोणी केली?"

"मीच, साहेब."

"मग लिहून द्या, पाहणीत गफलत झाली. नोकरीवर आलं तर माझ्याकडे येऊ नका."

मी व्हरांड्यात कागद घेऊन बसलो. घरात बायको, दोन लेकरं, आजारी वडील. दुपार टळली तरी एक ओळ उतरेना. भिवाचा वर गेलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी लिहिलं आणि सही केली.

पुढचे तीन आठवडे टपालवाला दिसला की मी दारात येऊन उभा राही. मग हुकूम आला. दुकान नदीपलीकडे, वस्तीच्या उलट दिशेला गेलं. माणसांची दारू सुटली नाही. भांडणंही होत राहिली. पण डॉक्टरांनी सांगितलं, टाके घालायचं काम पुष्कळ कमी झालं. मला लेखी तंबी मिळाली आणि बदली जाफराबादला झाली.

तिथं दुकानाची जागा पाहायला मी भर दुपारी कधी गेलो नाही. दुपारी कुठलीही जागा चांगलीच दिसते. मजूर घरी परततात त्या वेळी जायचो, आणि तास-दीड तास नुसता उभा राहायचो.