रुपरावची माय आणि आमचं खातं

आमच्या पुराण्या वस्तूंच्या खात्याला माणसांची फार माया. माणूस मरून दोन हजार वर्षं झाली की आम्ही त्याला तळहाताच्या फोडासारखं जपतो. तोवर त्याने वाट पाहावी. मी नागपूरच्या कचेरीत कारकून होतो, म्हणजे ही माया टाइप करून तीन प्रतींत काढण्याचं काम माझ्याकडे होतं.

रुपराव धुर्वे आमचा चौकीदार. कुहीच्या पलीकडे जंगलाला लागून त्याचा गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आणि टोल्यामागच्या माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं. ती एकाहत्तर साली आमच्या दत्तोपंत साहेबांनी शोधून काढली. टोल्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे जात होती, पण त्यांनी तसा अहवाल पाठवला नव्हता, त्यामुळे शोध साहेबांच्या नावावर लागला. वाट दाखवायला पुढे रुपराव चालत होता. अहवालात तो ‘स्थानिक मजूर’ आहे.

दोन हंगाम खोदकाम चाललं. कुदळीच्या आवाजावरून खाली खापर आहे की नुसता मुरूम, हे रुपराव न वाकता सांगायचा. साहेबांनी खूश होऊन त्याला चौकीदार नेमलं. खाकी सदरा दिला, शिट्टी दिली, आणि वर्तुळांशेजारी निळा फलक ठोकला: इथले दगड हलवणे, नवीन लावणे किंवा रंगवणे हा गुन्हा आहे.

आता त्या टोल्याची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की नाल्यातून एक दगड निवडून आणायचा. त्याला छिन्नी लावायची नाही. निमुळती बाजू जमिनीत पुरायची, आणि नवऱ्याच्या दगडाला बायकोचा दगड अगदी खेटून बसवायचा. होळी झाली की दोघांना हळद लावायची. रुपरावच्या बापाचा दगड वर्तुळाच्या कडेलाच होता. म्हणजे आमचा चौकीदार पगार घ्यायचा तो भाऊबंदांना आपल्याच बापापासून लांब ठेवण्याचा. सरकारने माणूस निवडावा तर असा!

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याची आई रुख्माबाई वारली. मला तुझ्या बापाजवळ बसव, एवढंच तिने जाताना सांगितलं होतं. आता दगड लावावा तर नोकरी जाते, आणि नोकरी धरावी तर आई उघड्यावर पडते. रुपरावने तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आईला बसवलं. चूक एकच केली. काम फार चोख केलं. दगड असा निवडला, असा पुरला आणि भोवतीची माती अशी दाबली, की तो तिथे कायमचाच असावा.

पुढच्या हिवाळ्यात साहेब आले. सोबत वही घेऊन मी. साहेब त्या दगडापाशी थबकले आणि हरखून गेले. जोडशिळा! जुन्या नकाशात हा दगड नव्हता, तेव्हा त्यांनी नकाशा चुकीचा ठरवला. हा दगड नागपूरच्या संग्रहालयाच्या दालनात मांडायचा, असा हुकूम तिथल्या तिथे सुटला.

रुपराव पुढे आला.

“तो गोटा नका नेऊ जी साहेब. माह्या मायचा हाय. मागच्या साली मीच बसवला.”

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. “रुपराव, असे दगड बसवणारे लोक अडीच हजार वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. त्यांच्यातलं कोणी उरलेलं नाही.”

“मंग आम्ही कोन होय जी?”

“तुम्ही लोक नंतर आलात,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

अशा रीतीने रुपरावचा कबूल केलेला गुन्हा विज्ञानाने माफ केला आणि त्याची नोकरी वाचली. जुना नकाशा माझ्याच पिशवीत होता, त्यावर साहेबांचीच सही. तो काढून दाखवावा असं वाटलं, पण मलाही नोकरी होती. त्याची लाज मला अजून आहे.

मजूर दगडाला दोर बांधू लागले, तेव्हा “सरका गा,” म्हणत रुपरावने तो एकट्याने उचलला आणि जीपमध्ये पोत्यावर ठेवला. नागपूरला मी चिठ्ठी टाइप केली: ‘स्मारकशिळा. इ.स.पूर्व सुमारे ५००. व्यक्ती अज्ञात.’

महिन्याभरात त्याचा अर्ज आला. आई नागपूरला एकटी आहे, बघायला कोणी नाही, तरी बदली मिळावी. साहेब अर्ज वाचून हेलावले. या लोकांत मातृभक्ती अजून शिल्लक आहे, असं मला म्हणाले आणि सही ठोकली. आईचं वय त्यांनी विचारलं नाही.

रुपराव दालनात रुजू झाला. रोज सकाळी शिळा पुसणं हे आता त्याचं सरकारी काम. होळीनंतर एकदा मी सहज मागे डोकावलो, तर भिंतीकडच्या बाजूला दगडाला हळद होती. मी कोणाला बोललो नाही. उलट, निदान एक गोष्ट तरी नीट लागली असं वाटून त्याला म्हटलं, “झालं ना मनासारखं?”

“माय तं रोज भेटते जी,” तो फडकं झटकत म्हणाला. “पन तिले बुढ्याजवळ बसाचं होतं. हळद घेऊन गेलो होतो परवा तिकडं. नवा चौकीदार बुढ्याले हात लावू देत नाही मले.”