गुलाबी उतरलेलं सीरम

तो माणूस मला आवडत नव्हता. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

"हळू टोच गा. एकच डोळा उरला, त्यातून पानी काढू नको," असं म्हणतच तो आमच्या प्रताप नगरच्या लॅबमध्ये बाही वर करायचा. दुसरा डोळा कॅन्सरच्या गाठीपायी काढावा लागला होता. हा कॅन्सर पुढे बहुतेकदा लिव्हरमध्ये उगवतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातल्या खुणांची तपासणी.

घराणं विणकरांचं, धंदा कूलर दुरुस्तीचा. भांडायला कारण लागायचं नाही. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. बाकावरची एक बाई त्याच्या नकली डोळ्याकडे पाहत होती. "काहून पाहून राहिली वं? तुले पाहिजे काय?" ती उठूनच गेली. कुही गावातल्या सख्ख्या भावाशी घराच्या एका सामाईक भिंतीवरून बोलणं बंद होतं.

एकदा सुई टोचताना मला म्हणाला, "आधी ढोरायचा डॉक्टर होता काय गा तू?" मी रागाने सिरिंजचा दट्ट्या खसकन ओढला. असं ओढलं की रक्तपेशी फुटतात, पिवळसर सीरम गुलाबी उतरतं आणि एलडीएच नावाची खूण खोटीच वाढलेली दिसते. गुलाबी रंग मला दिसला. पुन्हा बोलावून रक्त घ्यायला हवं होतं. पण त्याचं तोंड पुन्हा ऐकायचं नव्हतं. आकडा तसाच रिपोर्टात गेला.

वाढलेला आकडा पाहून त्याला वाटलं, कॅन्सर लिव्हरमध्ये गेला. तो तडक कुहीला गेला, भावापुढे रडला, भिंतीवरचा हक्क सोडून दिला. नंतर मोठ्या दवाखान्यात सगळं नॉर्मल निघालं. पुतण्या हसून म्हणाला, "मरनार होते ना काका? मंग कधी मरता?"

तिथून तो लॅबमध्ये आला. मी मार खायच्या तयारीत होतो.

"चूक कोनाची?"

"मशीनची, काका."

जन्मभर मोटरी उघडलेला माणूस मशीनकडे वळला. "मशीन हाय, बिघडते. तिच्यावर काय राग धरायचा." इतका मऊ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मग सवयीने वर केलेली बाही खाली करत म्हणाला, "पन आता मी टोचून नाही घेत. मशीनीच्या भरोशावर दुसऱ्यांदा नाही मरत."

तो परत आला नाही. बाबा आता कुठेच तपासून घेत नाहीत, असं त्याची मुलगी सांगते. त्याचं दुकान माझ्या वाटेवर आहे. मी वळसा घालून जातो.

मशीन चांगली होती, हात माझा होता, हे त्याच्या तोंडावर सांगणं, आणि त्याच्या शिव्या संपेपर्यंत तिथेच थांबून त्याला तपासणीला नेणं, एवढं माझ्याकडून बाकी आहे.