खारी गरवताना

आमच्या बाबांना रविवारी खाडीवर गरी टाकून मासे गरवत बसायचं भारी वेड. वसईत घर घेतलं तेसुद्धा खाडी जवळ म्हणूनच, असा टोमणा आई अजून मारते. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात मात्र लुळाच राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता वापरला तर हात परत येईल, नाहीतर कायमचा गेला. व्यायामासाठी दिलेला स्पंजचा चेंडू बाबांनी पहिल्याच दिवशी डाव्या हाताने कपाटावर भिरकावला आणि उजवा टॉवेलखाली झाकून बसायला लागले. मी तोंडाची फटकळ, मी भांडले. आईने नवस बोलला. दोघींचाही उपयोग शून्य.

मग एकदा मोबाईलवर व्हिडिओ दिसला. परदेशातली कॉलेजची पोरं दोऱ्याला दाणे बांधून चक्क खारी गरवत होती. गळ नाही, काही नाही. खार दाणा सोडत नाही आणि आपण दोरा सोडायचा नाही, एवढाच खेळ. बाबा ते बघून हसले. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू!

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर बदामाचं झाड आणि त्यावर खारींचं मोठं खटलं. मी भुईमुगाच्या शेंगेला दोरा बांधला, बाबांची खुर्ची दारात ठेवली आणि नियम ठरवला: खार शेंगेसकट उंबऱ्यावर आली की आपण जिंकलो.

पण मासा लागला की हिसका द्यायचा, ही बाबांची जन्माची सवय. खारीने शेंग धरली रे धरली की डाव्या हाताचा हिसका. शेंग आमच्या अंगावर, खार झाडावर, आणि वरून तिच्या शिव्या. बाबा, हा शिंगाळा मासा नाही, असं मी म्हटलं तर माझ्यावरच चिडले. जित्याची खोड, हात ऐकेल तर शपथ.

एका सकाळी चहा घेऊन गेले तर टॉवेल बाजूला पडलेला आणि दोरा उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेला. त्या हाताला हिसका देताच येत नव्हता. नुसतं धरून बसायचं आणि खांद्याने हळूहळू मागे घ्यायचं. खार कुरकुरत, ओढत, उंबऱ्यावर आली. बाबांनी आईकडे अशा तोऱ्यात बघितलं, जसं काही ताजं पापलेटच आणलंय.

मग रोजचंच झालं. चतुर्थीला खिचडीत घालायला कूट उरला नाही म्हणून आई करवादली, आणि संध्याकाळी स्वतःच पिशवीभर शेंगा घेऊन आली. नुसतं धरून हात कसला सुधारतोय, असं मला वाटायचं. पण मी तोंडाला कुलूप घातलं होतं.

दिवाळीच्या आधी एक लठ्ठ खार आली. तिने शेंग धरली, ती उंबऱ्याजवळ पोचली, आणि शेंग उडून फाटकन दारावर आपटली. खार पसार. बाबा भडकले, हातातोंडाशी आलेली गेली म्हणाले. आई मटकन खाली बसून रडायला लागली, तर खारीसाठी कोणी रडतं का म्हणून तिच्यावरच खेकसले.

आई म्हणाली, "अहो, हिसका कुठल्या हातानं दिलात?"

बाबा हाताकडे बघत राहिले. बोटांना दोरा तसाच होता. मग डाव्या हाताने डोळे पुसून माझ्यावर ओरडले, "बघत काय बसलीस? दुसरी शेंग बांध."