खटखटीला आलेलं उत्तर

गुड फ्रायडेला आमच्या मरोळच्या गावठाणात घंटा वाजत नाही. आदल्या संध्याकाळी चर्चची घंटा मुकी होते ती शनिवारच्या रात्रीपर्यंत. तिच्या जागी वाजते खटखटी. मुठीची एक लाकडी फळी, तिला बिजागरीने जोडलेली दुसरी. मनगटाला झटका दिला की हाडावर हाड आपटल्यासारखा आवाज होतो. दुपारच्या उपासनेआधी ती वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचं आणि लोकांना बोलवायचं, ही जुनी रीत. हे काम माझे वडील करायचे. त्यांच्यानंतर कोणी पुढे येईना, म्हणून मी आले. पन्नाशी उलटलेली बाई, काळी साडी, चेहरा असा की जणू मीच शोकसभा बोलावली आहे. खोटं कशाला बोलू, मला प्रेक्षक लागतात.

त्या वर्षी माझ्याबरोबर माझी वहिनी होती. दोन वाजायला आले होते. गल्लीत चिटपाखरू नाही. उपासाचा दिवस, त्यामुळे स्वयंपाकघरांतूनही भांड्याचा आवाज येत नव्हता. एक विमान डोक्यावरून अगदी कमी उंचीवरून गेलं आणि त्याची सावली आमच्या अंगावरून सरकली, तशी वहिनी उगाच माझ्या जवळ आली.

गावठाणाच्या टोकाला आमचा क्रूस आहे आणि त्याच्या मागे एका चार मजली इमारतीची पाठ. पाइप, शेवाळ, न्हाणीघरांच्या छोट्या उंच खिडक्या. क्रुसापाशी थांबून मी तीनदा खटखटी वाजवली.

खट. खट. खट.

आणि भिंतीतून उत्तर आलं. खट. खट. खट.

"प्रतिध्वनी आहे," मी म्हटलं.

"इतकी वर्षं नव्हता तो?" वहिनी म्हणाली.

मी दोनदा वाजवली. दोनच उत्तरं आली. मी पाचदा वाजवली. मधे जरा शांतता, मग एकेक करत पाच. आवाज तळमजल्याच्या त्या घरातून येत होता जिथली माणसं आदल्या दिवशी बॅगा घेऊन रिक्षात बसून गावाला गेली होती. सगळ्या गल्लीने त्यांना जाताना पाहिलं होतं. खिडकीत काळोख होता.

वहिनीने माझं कोपर धरलं. "ताई, कोणीतरी मोजतंय गं."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि, देवा मला क्षमा कर, मी आनंदाने नुसती फुलून गेले. अशी गोष्ट माणसाला आयुष्यात एकदा मिळते. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखी मजा घेत बसणार नाही: त्या भिंतीपलीकडे एका बाईचा जीव टांगणीला लागला होता. मी मात्र आणखी एकदा वाजवून पाहिलं, फक्त दोनदा, निरोपादाखल. एक उत्तर आलं. बऱ्याच वेळाने दुसरं.

"शुद्धिस्थानातला आत्मा, स्वर्गाच्या वाटेवर अडकलेला," मी वहिनीला कुजबुजले. "आजच्या दिवशी त्यांना मोकळीक असते."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतेय ना!"

चर्चच्या पायरीपर्यंत पोचेतो मी ही गोष्ट अकरा जणांना सांगितली होती. आत बाकावर बसेतो वीस. प्रत्येक खेपेला खिडकी थोडी अधिक काळी होत गेली आणि शेवटचा ठोका थोडा अधिक उशिरा येऊ लागला. एका काकांनी तर छातीवर क्रुसाची खूण करून विचारलं, "त्या गल्लीतून घरी जाऊ का नको?"

"मी तुमच्या जागी असते तर लांबून गेले असते," मी म्हटलं.

उपासना सुरू झाली. या दिवशी लांबलचक प्रार्थना असतात. चर्चसाठी, ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, संकटात सापडलेल्यांसाठी. दर प्रार्थनेआधी सगळे गुडघे टेकून गप्प राहतात. संकटात सापडलेल्यांच्या वेळी मी पुढच्या बाकावरच्या बाईच्या कानाला लागले होते. "आणि शेवटी, बाई गं, एक ठोका आला, मग किती वेळाने दुसरा, कसाबसा, जसा दमून..."

तिथे माझी जीभ थांबली. पाचशे माणसं गुडघ्यांवर आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. त्या शांततेत मला माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

भूत दमत नाही.

मी उठले. भर उपासनेत, मधल्या वाटेने, चपला हातात घेऊन. फादरांनी पाहिलं, सगळ्या गावठाणाने पाहिलं. मागून वहिनी धावली. क्रुसापाशी पोचून मी खिडकीखाली ओरडले, "कोण आहे आत?" काही नाही. खटखटी मी चर्चमध्येच विसरले होते, म्हणून चपलेने पाइपवर ठोकलं. तीनदा. आम्ही दोघींनी भिंतीला कान लावले. आता मला त्या ठोक्याची भीती नव्हती, तो न येण्याची होती.

खूप वेळाने एक आला.

पुढचं झटपट सांगते. वॉचमन, शेजारचा सुतार, कुलूप तुटलं, न्हाणीघराचं दार बाजूला झालं. फरशीवर सत्तरीची एक मावशी पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं, हातात कपडे बडवायचं लाकडी थापटणं. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब. मावशी सरकारी दवाखान्यात आया होत्या. मुलगा-सून गावी गेले, पण गुडघ्यांमुळे प्रवास नको म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, पण त्या रिक्षात किती माणसं बसली हे आम्हाला मोजता आलं नाही.

शनिवारी मी हॉस्पिटलात त्यांच्या वॉर्डात गेले. त्या उशीला टेकून होत्या, आवाज बसलेला.

"सकाळपासून ओरडत होते," त्या म्हणाल्या. "मग घसाच गेला. तेवढ्यात तुम्ही वाजवलं. तुम्ही तीन, म्हणून मी तीन. कळावं ना, की इथे माणूस आहे."

मी संत्र्यांची पिशवी हातातच धरून उभी.

"मग तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता येतील. बराच वेळ आलाच नाहीत. कुठे गेला होतात?"

"चर्चमध्ये."

"कशाला?"

संकटात सापडलेल्यांसाठी प्रार्थना करायला, हे उत्तर खरं होतं आणि ते माझ्या तोंडातून निघेना. मग मी सगळंच सांगितलं. आत्मा, शुद्धिस्थान, लांबून घरी गेलेले काका, सगळं. मावशी डोळे मिटून ऐकत राहिल्या. मला वाटलं, झोपल्या.

"किती जणांना सांगितलं हे?"

"वीस तरी. आता त्यांनी पुढे किती जणांना सांगितलं असेल..."

"मग सगळ्यांना सांगा," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "म्हणावं, भुताने भेटायला बोलावलंय. चार ते सहा."

ईस्टरच्या रविवारी चार वाजता आमचं गावठाण नव्या कपड्यांत त्या वॉर्डाच्या दारात उभं होतं. कोणाच्या हातात केक, कोणाच्या हातात शहाळं. सिस्टर ओरडत होत्या, "एका पेशंटला दोन माणसं! दोन!" तरी माणसं दोन-दोन करत जात राहिली, कालपर्यंत जिचं तोंडही माहीत नव्हतं त्या बाईची उशी सारखी करत. ते काकासुद्धा आले. पण मी दाराशीच उभी होते आणि मी पाहिलं. खाटेजवळ गेल्यावर त्यांनी आधी चादरीखालून दिसणारे मावशींचे पाय पाहिले. सरळच होते.

मावशींनीही ते पाहिलं होतं. त्यांनी अंगठा हलवून दाखवला.