काँगोमामांचा दुसरा रविवार

काँगोमामांशी वाद घालून कुणी जिंकल्याचे मला आठवत नाही, आणि हरल्याचेही नाही. वाद ऐन रंगात आला की ते म्हणायचे, "बास! फुडच्या रविवारी तू माजी बाजू मांड, मी तुजी मांडतो." समोरचा कपाळाला हात लावायचा.

तरुणपणी ते फौजेत होते आणि निळी टोपी घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर काँगोत जाऊन आले होते. त्यावरून हे नाव. पुढे सोलापुरात आमच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, लागले, युनियनचे चिटणीस झाले आणि चाळीच्या वाचनालयात रविवारची चर्चा त्यांनीच सुरू केली. नियम एकच. पहिल्या रविवारी आपली बाजू, दुसऱ्या रविवारी विरुद्धची. "काँगोत दोन फौजांच्या मधी हुबा ऱ्हायलोय मी. दोन्हीकडचं ऐकल्याबिगर मधी हुबं ऱ्हाता येत न्हाय," म्हणायचे.

परक्या देशात आपले जवान पाठवावेत का, यावर एकदा चांगलीच जुंपली. पहिल्या रविवारी मामांनी छाती फुगवून सांगितले, पाठवावेत. दुसऱ्या रविवारी तेच म्हणाले, "दोन्हीकडची मानसं आमालाच शिव्या घालत हुती. आमचं काय काम हुतं हो तितं?" शेजारच्या साच्यावरचा व्यंकन्ना चक्रावलाच. "मामा, यातलं खरं कुठलं?"

"ते तू ठरव की!" म्हणत मामांनी चहा मागवला.

मग निवडणूक तोंडावर आली. एका पक्षाने निरोप धाडला : युनियनने पाठिंबा द्यावा, तिकीट युनियनच्या माणसाला देऊ, मात्र चिटणीस आमचा. मामांचा ठाम विरोध. पक्षाच्या दावणीला बांधलेली युनियन मालकाशी काय डोंबल भांडणार, हे त्यांनी पहिल्या रविवारी असे पटवले की सगळे माना डोलवत घरी गेले. दुसरा रविवार नेमका पाठिंब्याचा ठराव यायच्या युनियनच्या सभेच्या आदल्या दिवशी आला. मी त्यांना गाठून म्हटले, "मामा, एवढा रविवार सोडा. उद्या सभेत मतदान आहे."

"माज्यावर आली की नियम मोडायचा व्हय रं दत्तू?"

आणि बोलले हो! काय बोलले! "मिलला टाळं लागलं तर मंत्र्याच्या दारात आपलं कोन हाय? गेटावर घसा फोडून कायदा बदलतो व्हय? कायदा करत्यात तितं आपला मानूस बसू दे की!" टाळ्या थांबेनात. मी खाली मान घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सभेत व्यंकन्ना उठला, मामांचेच मुद्दे जसेच्या तसे मांडले आणि ठराव धडाक्यात मंजूर झाला. ज्या युनियनपायी मामा तुरुंगात जाऊन आले होते, तिच्या कचेरीच्या किल्ल्या त्यांनी पक्षाच्या माणसाला निमूटपणे दिल्या. वर व्यंकन्नाला शाबासकी! माझे डोके असे तडकले म्हणून सांगू!

निवडणुकीनंतर मामांनी मिल सोडली आणि बार्शीला मेहुण्याच्या दुकानात बसायचे ठरवले. स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. राहवले नाही, चिडूनच विचारले, "त्या रविवारी तोंड मिटून बसला असता, तर काय बिघडलं असतं?"

"सगळी माज्या मागनं आली असती," मामा म्हणाले. "मेंढरं हाकायला युनियन कशाला पायजे?"

युनियन हातची गेल्याचे त्यांना काही वाटलेच नाही, अशी अख्ख्या मिलची समजूत होती. साफ खोटी. एवढे बोलून मामा ट्रंकेवर बसले आणि भर स्टँडवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ढसाढसा रडले.